आधी पाय सोडवायला शिकू : डोंगरातल्या सायकलीचं पायडल निवडताना

बचत गटांच्या या कार्यक्रमात आपण कधी शेळीपालनाच्या कर्जाविषयी बोलतो, कधी शिलाई मशीनविषयी, कधी वहीखात्याविषयी. आजचा विषय आहे सायकलीचं पायडल. हसू नका. या पायडलवरून आमच्या गटाची एक बैठक दोन तास चालली होती, आणि त्या दोन तासांत आम्हाला जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. आता गावागावांतल्या मुली नुसत्या शाळेत जायला नाही, तर शर्यतीसाठीही सायकल चालवायला लागल्या आहेत.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईंनी नऊ हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेकीच्या सायकलीला पायडल आणि बूट घ्यायचेत." दुसऱ्या एकीच्या तोंडून लगेच निघालं, "अगं, नऊ हजारांत अख्खी सायकल येते की!" लेक अकरावीत आहे. मामानं पुण्याहून गिअरची जुनी सायकल आणून दिली, तेव्हापासून ती डोंगरातल्या शर्यतीची तयारी करते. डांबरी रस्त्यावरची नव्हे, मुरमाच्या, दगडधोंड्यांच्या वाटेवरची शर्यत. तिला माउंटन बाइकिंग म्हणतात. पण बैठकीच्या दिवशी त्याच लेकीच्या मनगटाला प्लॅस्टर होतं. मैत्रिणीचे पायडलला अडकणारे बूट घालून ती पाझर तलावाच्या उतारावर गेली होती. वाटेत गाय आडवी आली, हिनं ब्रेक दाबला, सायकल थांबली, पण पाय काही सुटला नाही. उभ्या सायकलीसकट ती एका कुशीवर पडली.

तरी आई कर्ज मागत होती. म्हणाली, "बाकीच्या पोरी पाय अडकवून पळतात. माझीच मागं राहील." आणि आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकू म्हणाल्या, "पाय अडकवायचं सगळे सांगतात. सोडवायचं तिला कुणी शिकवलं का?"

या एका प्रश्नावर आम्ही कर्जाचा निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला. जिल्ह्याच्या गावी सायकलच्या दुकानात गेलो, मुलीच्या खेळाच्या सरांशी बोललो, शर्यतीत उतरणाऱ्या मुलींच्या सायकली हातात घेऊन पाहिल्या. जे समजलं ते आता सांगतो.

दोन पायडलं, दोन रीती

पहिलं साधं, सपाट पायडल. दुकानात त्याला फ्लॅट पेडल म्हणतात. पाय वर ठेवायचा, दाबायचं, वाटेल तेव्हा उचलायचा. आपल्या रोजच्या सायकलीला हेच असतं. पण डोंगरासाठीचं फ्लॅट पायडल जरा वेगळं. ते रुंद असतं आणि त्यावर बारीक खिळ्यांसारखे टोकदार दाणे असतात. त्यांना पिन म्हणतात. त्या बुटाच्या रबरात रुततात आणि खडबडीत वाटेवर पाय उडू देत नाहीत.

दुसरं अडकवायचं पायडल. त्याचं नाव फसवं आहे. त्याला म्हणतात क्लिपलेस, म्हणजे बिनक्लिपचं, आणि पाय तर त्यातच अडकतो! याचं कारण जुनं आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पायडलपुढे एक पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा. पाय त्यात घालून पट्टा आवळायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा नसलेलं पायडल, म्हणून हे क्लिपलेस. यात बुटाच्या तळाला धातूची छोटी पट्टी असते, तिला क्लीट म्हणतात. पायडलमध्ये स्प्रिंगचा जबडा असतो. चवडा दाबला की खट् आवाज होऊन क्लीट जबड्यात बसते. सोडवायचं असेल तर पाय वर ओढायचा नाही. टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, की सुटतो.

घोड्याच्या रिकिबीत पाय अडकून स्वार फरफटत गेल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्यात. हे पायडल काढणाऱ्यांनी नेमका तोच विचार केला होता. फ्रान्समधली लूक नावाची कंपनी बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी बूट अडकवायचे साचे करायची. पडल्यावर पाय मोडू नये म्हणून तो साचा आपोआप सुटायचा. तीच युक्ती त्यांनी १९८४ साली सायकलीच्या पायडलला लावली. पुढच्याच वर्षी बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूनं ते पायडल वापरून टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकली. ते पायडल डांबरी रस्त्याचं होतं. चिखलात चालेल आणि बूट घालून चालताही येईल असा प्रकार जपानच्या शिमानो कंपनीनं १९९० साली आणला. त्याचं नाव एसपीडी. आज दुकानदार "एसपीडी घ्या" म्हणतो ते हेच.

म्हणजे मूळ युक्तीत सुटणं हे अडकण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्या मुलीला मात्र बूट दिले गेले आणि सुटायची रीत सांगितलीच गेली नाही. शिवाय ते पायडल तिच्यापेक्षा वजनदार मुलीसाठी घट्ट केलेलं होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

कशानं काय मिळतं

अडकवायच्या पायडलचा खरा फायदा काय? पुष्कळ जण म्हणतात, पाय वर ओढूनही ताकद लावता येते, म्हणून सायकल दुप्पट पळते. हे पुरतं खरं नाही. सायकल पळते ती मुख्यतः खाली दाबण्यानं. मागचा पाय स्वतःचं वजन उचलून घेतो, एवढंच. खरा फायदा वेगळा आहे. दगडांवरून सायकल थडथडत असताना पाय जागचा हलत नाही. चढावर दमलेला पाय घसरत नाही. चवडा दर फेऱ्याला त्याच जागी पडतो. बुटाचा तळ कडक असल्यामुळे पाऊल मुडपत नाही आणि तास-दीड तास दाबत राहिलं तरी तळपाय कमी दुखतो. म्हणूनच चढ-उताराच्या लांब शर्यतीत, ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात, वरच्या पातळीवरच्या जवळपास सगळ्या खेळाडू अडकवायचं पायडल वापरतात. १९९६ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या या शर्यतीची तिन्ही पदकं स्वित्झर्लंडच्या मुलींनी नेली.

मग फ्लॅट पायडल काय फक्त शिकाऊंचं? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल हा तीव्र उताराच्या शर्यतीत जगज्जेता झाला तो फ्लॅट पायडलवर. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं त्यानं एंड्युरो या प्रकारची जागतिक मालिका जिंकली, तीही फ्लॅट पायडलवरच. तेव्हा "साध्या पायडलवर काही होत नाही" असं कुणी म्हटलं, तर हे नाव सांगा.

फ्लॅट पायडलचा मोठा गुण म्हणजे ते शरीराला शिकवतं. उतारावर दोन्ही पायडलं जमिनीला समांतर धरायची, टाचा खाली दाबायच्या, गुडघे आणि कोपरं सैल ठेवायची. हे केलं नाही तर पाय उडतो आणि चूक लगेच कळते. पाय अडकवलेला असला की हीच चूक झाकली जाते. सायकल दगडावरून उचलायची असेल तर अडकलेल्या पायांनी ती नुसती ओढून उचलता येते, अंगाचा तोल वापरायची कला येतच नाही. म्हणून सरांनी आम्हाला सांगितलं, निदान एक हंगाम तरी मुलीनं फ्लॅटवर काढावा.

फ्लॅटचे तोटेही सांगायला हवेत. पाय निसटला तर त्या पिना नडगीवर बसतात आणि चांगली सालटी निघतात. फुटबॉलवाली मुलं घालतात तसे नडगीचे गार्ड शिकताना घालावेत. आणि पायात चप्पल, सँडल नकोच. धावण्याचे मऊ बूटही तितकेसे बरे नाहीत. त्यांचा तळ मुडपतो आणि खाचांमुळे पिना नीट धरत नाहीत. सपाट रबरी तळाचा, हाताने वाकवला तर थोडा अडणारा बूट चांगला.

आपल्या वाटा कशा आहेत ते बघा

आपल्याकडं शर्यतीचा सराव म्हणजे पाणंद, ओढा, मुरमाचा चढ आणि मध्येच उतरून सायकल खांद्यावर घेऊन चढायचा खडक. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा बसतो की क्लीट दिसत नाही, मग जबड्यात बसणार कशी? एसपीडीसारखी पायडलं चिखल बाहेर पडेल अशीच केलेली असतात, पण आपल्या चिकट मातीपुढे काडीनं खरवडावंच लागतं. ओल्या कातळावर धातूची क्लीट टेकली तर पाय सटकतो. आणि वाटेत कुत्रं येतं, गाय येते, समोरून बैलगाडी येते. क्षणात पाय टेकावा लागतो. तो टेकायची सवय अंगवळणी पडली नसेल तर काय होतं ते आमच्या लेकीच्या मनगटानं दाखवलं.

म्हणून आम्ही गटासाठी सोपं गणित केलं. शाळेत, बाजारात, शेतावर जायला सायकल लागते त्यांना फ्लॅट. डोंगरात नुकतंच शिकायला लागलेल्या मुलीला पिनांचं फ्लॅट आणि चांगला बूट. वर्षभर नेमानं सराव केला आहे, चढ-उतारावर सायकल ताब्यात आहे, क्रॉस-कंट्री शर्यतीत उतरायचंच आहे आणि शिकवणारं कुणी सोबत आहे, तिनं अडकवायच्या पायडलचा विचार करावा. आणि एखादीला फ्लॅटच बरं वाटलं तर तिला कमी समजू नये.

अडकवायचं ठरलंच तर

यापुढचं घरी लिहून ठेवा.

एक, बूट बघून घ्या. डोंगरातल्या बुटाच्या तळाला क्लीटसाठी दोन स्क्रूंची जागा असते आणि क्लीट तळाच्या आत थोडी खोल बसते, त्यामुळे चालता येतं. डांबरी शर्यतीच्या बुटांना बहुधा तीन भोकं असतात. ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, एसपीडी पायडलला बसत नाहीत आणि त्यांनी डोंगरात चालवतही नाही. बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, मोजे घालून बघावेत. वाढत्या वयाच्या मुलीला महागडे बूट घेताना दोनदा विचार करावा.

दोन, स्प्रिंगची घट्टाई. एसपीडी पायडलच्या प्रत्येक जबड्याला एक बारीक स्क्रू असतो, तो एलन कीनं फिरतो. डोंगरातल्या पायडलला बहुधा दोन्ही बाजूंनी जबडा असतो, म्हणजे दोन पायडलांचे मिळून चार स्क्रू. शिकताना चारही सारखे आणि सगळ्यांत सैल ठेवायचे. दुसऱ्याची सायकल घेतली तर आधी हेच बघायचं. हलक्या अंगाच्या मुलीला घट्ट स्प्रिंग सोडवता येत नाही.

तीन, क्लीटचा प्रकार. शिमानोची एक क्लीट फक्त टाच वळवल्यावरच सुटते. दुसरी, एसएच ५६ नावाची, पाय तिरका ओढला तरी सुटते. नवशिक्या मुलीला दुसरी बरी. दुकानात नाव सांगून मागा.

चार, क्लीटचे स्क्रू दर आठवड्याला घट्ट करा. दोनपैकी एक स्क्रू पडला तर क्लीट बुटाखाली नुसती फिरत राहते. टाच कितीही वळवली तरी पाय सुटत नाही. तसं झालं तर घाबरू नका. सायकल भिंतीला किंवा झाडाला टेकवा, पाय बुटातून काढून घ्या, आणि मग बूट सोडवा.

पाच, शिकायची रीत. आधी भिंतीला हात धरून उभ्या सायकलवर पाय अडकवा, सोडवा. एका पायानं पन्नास वेळा, मग दुसऱ्या पायानं पन्नास वेळा. नंतर गवताच्या मैदानावर हळू चालवत तेच. थांबायचं असेल तर थांबण्याच्या आधीच पाय सोडवायचा. सायकल थांबल्यावर सोडवू म्हटलं की उशीर झालेला असतो. पहिल्या दिवसांत एकदोनदा पडायचंच, तर ते गवतावर पडलेलं बरं. डोंगरात जायचं ते डोकं न वापरता पाय सुटायला लागल्यावरच. गुडघा दुखायला लागला तर क्लीटची जागा चुकली आहे असं समजून थांबा आणि जाणत्याकडून ती बदलून घ्या.

सहा, पायडल घरी बदलणार असाल तर लक्षात ठेवा, डावं आणि उजवं पायडल उलट-सुलट आट्यांचं असतं. त्यावर एल आणि आर अशी अक्षरं असतात. उजवं नेहमीसारखं घट्ट होतं, डावं मात्र उलट्या दिशेनं. जोर लावून चुकीचं बसवलं तर क्रँकचे आटे जातात आणि सगळा दांडा बदलावा लागतो. आट्यांना थोडं ग्रीस लावा. मोठ्यांच्या सायकलींना बहुतेक नऊ-सोळांश इंचाचा आटा असतो, तरी जुनं पायडल सोबत नेऊन जुळवून घेतलेलं बरं.

आणि हे दोन्ही पायडलांना लागू आहे : हेल्मेटशिवाय डोंगरात नाही, आणि ओढणी, सलवारीची मोकळी कड साखळीच्या बाजूला लोंबकळत ठेवायची नाही.

आता पैशाचं

आम्ही विचारपूस केली तेव्हा अडकवायची पायडलं साधारण तीन हजारांची आणि बूट सहा हजारांचे पडत होते. दुकानागणिक फरक पडेल. नऊ हजार, दहा हप्त्यांत, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजानं. मुद्दल दरमहा ९०० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज १८०, पुढे ते १८ रुपयांनी कमी होत जातं. दहा महिन्यांचं व्याज एकूण ९९० रुपये. म्हणजे नऊ हजारांचे नऊ हजार नऊशे नव्वद. फ्लॅट पायडलं, नडगीचे गार्ड, हेल्मेट आणि सपाट तळाचे साधे बूट, हे सगळं मिळून आमच्या हिशेबात साडेचार हजारांच्या आत बसलं. आणि पडल्या दिवशी त्या मुलीच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बैठकीत वाद झाला. एक म्हणाली, "शर्यतीसाठी कशाला, अभ्यासाला द्या." दुसरी म्हणाली, "पोरांच्या बाइकसाठी कर्ज घेताना कुणी असं विचारत नाही." हे दुसरीचं बोलणं आमच्या मनाला लागलं. मुलीच्या खेळाला पैसे द्यायचे की नाही, यावर बैठकीत मग कुणी बोललं नाही. किती आणि कशासाठी, एवढंच ठरवायचं राहिलं. पण शेवटी निर्णय आईनं आणि लेकीनं घेतला. आईनं लेकीला विचारलं, "खरं सांग, त्या बुटात भीती वाटते का?" लेक म्हणाली, "अडकताना नाही वाटत. थांबताना वाटते."

साडेचार हजारांचं कर्ज मंजूर झालं. उरलेले साडेचार हजार गटानं पुढच्या हंगामासाठी तोंडी कबूल करून वहीत नोंदवले. अट एकच. मुलीनं सरांसमोर गवतावर, उधारीच्या बुटांनी का होईना, सलग पन्नास वेळा थांबून पाय सोडवून दाखवायचा.

प्लॅस्टर निघाल्यावर ती पहिल्यांदा फ्लॅटवर उतरली त्या दिवशी आम्ही तिघीजणी पाझर तलावावर गेलो होतो. ती उतारावरून टाचा खाली दाबत आली, काकूंच्या समोर थांबली आणि पाय टेकला. काकू म्हणाल्या, "हां, आता जमलं."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणी मुलगी डोंगरात सायकल चालवत असेल तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा. तिची सायकल आणायला सांगा. पायडल हातानं फिरवून बघा, बुटाचा तळ बघा, आणि तिला विचारा, थांबताना भीती वाटते का. तिच्या उत्तरावरून कोणतं पायडल घ्यायचं ते कळेल. पुढच्या भागात आपण गटाच्या वहीतल्या थकबाकीविषयी बोलू. तोपर्यंत नमस्कार.